मेणातली गाठ कुणाची?

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राचा अर्थसंकल्प मांडला गेला, तेव्हा घराघरांत चर्चा झाली ती बारा लाखांच्या प्राप्तिकराची. ज्यांच्या घरी बारा हजारांचा पगार येतो तीही माणसे त्यावर हिरिरीने बोलत होती! त्याच भाषणात आपल्या बायकांच्या कामाची एक गोष्ट होती, तिच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. येत्या तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे-केअर केंद्रे काढायची आणि त्यातली दोनशे २०२५-२६ या वर्षातच उभी करायची, अशी ती घोषणा होती. डे-केअर म्हणजे सकाळी जायचे, केमोची सलाईन घ्यायची आणि संध्याकाळी आपल्या घरी यायचे.

आमच्या मेढ्याकडच्या बाईला याचे मोल वेगळे सांगायला नको. जावली तालुक्यातली निम्मी घरे मुंबईवर चालतात. कुणाचा नवरा वाशीच्या बाजारात माथाडी, कुणाचा दीर घाटकोपरला. कर्करोग म्हटला की नातेवाइकांच्या दहा बाय दहाच्या खोलीत पथारी टाकायची आणि पहाटे उठून परळच्या टाटा रुग्णालयाची रांग धरायची, हे आमच्याकडे ठरलेले आहे. तीच सलाईन साताऱ्यात मिळाली तर घर, गुरे आणि पोरांची शाळा सांभाळून उपचार होतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा अंदाज असा, की २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने गेल्या. तेव्हा घोषणेचे स्वागतच करायला हवे.

पण खुर्च्या आल्या, सलाईन आली, तरी कोणत्या बाईला कोणते औषध द्यायचे हे कशावर ठरते? ते ठरते काड्यापेटीहून लहान अशा एका मेणाच्या वडीवर. डॉक्टर तिला ‘ब्लॉक’ म्हणतात. या वडीबद्दल आपल्याला कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आजचा लेख तिच्याविषयी आहे.

गाठ काढल्यावर ती जाते कुठे?

शस्त्रक्रियेत गाठ काढली की ती फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालतात. बाटली आमच्या तालुक्यातल्या बायकांना नवी नाही. ‘आडवी बाटली’ करून, म्हणजे मतदान करून, आम्ही दारूची दुकाने बंद पाडली आहेत. ही बाटली मात्र उभीच राहायला हवी आणि भरलेलीही! फॉर्मॅलिनचा हा उपयोग फर्डिनांड ब्लूम या जर्मन डॉक्टरांच्या लक्षात आला १८९३ साली. सव्वाशे वर्षे उलटून गेली, तरी जगभरच्या रुग्णालयांत आजही तेच वापरतात.

फॉर्मॅलिन करते काय? आपण वाकळ शिवताना जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवतो आणि धावदोरा घालतो. मग ते थर जागचे हलत नाहीत. फॉर्मॅलिनही तसेच गाठीतल्या प्रथिनांना एकमेकांशी टाके घालते. त्यामुळे ती नासत नाहीत, कुजत नाहीत आणि पेशी होत्या तशा जागच्या जागी राहतात. मग गाठीचे लहान तुकडे करून त्यातले पाणी अल्कोहोलने काढून घेतात आणि साठेक अंशांवर वितळलेल्या मेणात ते बुडवतात. मेण थिजले की झाला ब्लॉक तयार. त्याचा, आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याइतका पातळ काप काढून काचेवर घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ती काच म्हणजे ‘स्लाइड’. गाठ साधी की कर्करोगाची, हे तिथे कळते.

ब्लॉकमधून एक-दोन काप निघाले तरी बाकीचा तुकडा तसाच राहतो. नीट ठेवला तर वर्षानुवर्षे, दशकानुदशके टिकतो. काचेवर घेतलेला काप त्या मानाने लवकर ‘उतरतो’, मेणातला तुकडा टिकून राहतो. म्हणजे प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात किंवा माडीवर हजारो माणसांच्या आजाराचे असे दप्तर रचून ठेवलेले असते. तलाठ्याच्या दप्तरात जमिनीचा इतिहास, तसा इथे शरीराचा.

प्रथिने म्हणजे नुसती डाळ नव्हे

प्रथिने म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, शेंगदाणे आठवतात. अंगणवाडीच्या भिंतीवर तसेच चित्र असते ना! ते खरेच आहे, पण खाल्लेल्या प्रथिनांपासून शरीर स्वतःची हजारो प्रकारची प्रथिने तयार करते आणि शरीरातली बहुतेक कामे तीच करतात. कुणी निरोप पोचवते, कुणी दार उघडते, कुणी डागडुजी करते. आईवडिलांकडून येणारी जनुके म्हणजे पाककृतीची वही समजा. वहीत पुरणपोळी लिहिलेली आहे म्हणून ती आज ताटात आली असे होत नाही. आज चुलीवर प्रत्यक्ष काय शिजले आहे, हे प्रथिने बघितल्यावर कळते. म्हणून अलीकडे संशोधक जनुकांबरोबर प्रथिनांच्याही मागे लागले आहेत.

स्तनाच्या कर्करोगात एक प्रथिन फार महत्त्वाचे, त्याचे नाव इस्ट्रोजेन रिसेप्टर. आपल्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा निरोप पेशीत घेणारे हे प्रथिन. ते गाठीत असेल तर ती गाठ त्या संप्रेरकावर पोसली जात असण्याचा संभव मोठा. मग तो निरोपच अडवणारी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी देतात. रोज एक, पाच वर्षे, कधी दहा वर्षेही. ही गोळी जुनी, साधी आणि महागड्या औषधांच्या मानाने अगदी स्वस्त आहे. तिने आजार उलटण्याचा आणि मृत्यूचा धोका बराच कमी होतो. पण गाठीत ते प्रथिन नसेल तर गोळीचा उपयोग नाही. हर-टू नावाचे दुसरे एक प्रथिन आहे. ते जास्त असेल तर औषध वेगळे, ट्रास्टुझुमॅब. त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९८ साली.

ही प्रथिने शोधतात त्याच मेणाच्या वडीतून काढलेल्या कापावर. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा पदार्थ त्यावर टाकतात. प्रथिन असेल तर पेशी तपकिरी दिसतात, नसेल तर नाही. तपकिरी रंग दिसला की नाही, एवढ्यावर एका बाईची पुढची पाच-दहा वर्षे ठरतात.

कुकरने उघडलेले दप्तर

यात एक अडचण होती. फॉर्मॅलिनने घातलेल्या टाक्यांमुळे प्रथिने टिकत, पण त्या टाक्यांआड ती लपूनही जात. त्यामुळे जुन्या ब्लॉकमध्ये प्रथिने बघणे फार अवघड समजले जाई. १९९१ साली अमेरिकेत शान-राँग शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मेण काढलेला काप विशिष्ट द्रावणात ठेवून मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तापवला की लपलेली प्रथिने पुन्हा ओळखता येतात. पुढे बऱ्याच प्रयोगशाळांनी या कामासाठी चक्क प्रेशर कुकर वापरला. हो, आपला शिटीचा कुकर! त्यानंतर जगभरच्या मेणाच्या वड्या जणू बोलत्या झाल्या. आता तर अशी यंत्रे आहेत, की पातळ कापातली प्रथिने काढून, त्यांचे तुकडे करून, ते तुकडे मोजून-तोलून एकाच वेळी हजारो प्रथिने ओळखतात.

हे सगळे परदेशातच चालले आहे असे समजू नका. स्वीडनमध्ये २००३ साली ‘मानवी प्रथिनांचा नकाशा’ तयार करायचे मोठे काम सुरू झाले. शरीराच्या प्रत्येक अवयवात कोणते प्रथिन कुठे असते, हे चित्रांतून दाखवायचे असे ते काम. त्यासाठी उप्सालाच्या रुग्णालयात जपून ठेवलेल्या मेणातल्या ऊतकांचे बारीक काप रंगवले गेले आणि त्यांची एक कोटीहून जास्त छायाचित्रे जमली. ही चित्रे डोळ्याने पारखून त्यात काय दिसते हे लिहायला अनुभवी पॅथॉलॉजिस्ट हवे होते. त्या कामातला मोठा वाटा उचलला मुंबईतल्या एका प्रयोगशाळेतल्या, डॉ. संजय नवानी यांच्या गटातल्या डॉक्टरांनी. स्वीडनच्या माणसांचे अवयव आणि मुंबईचे डोळे! आज तो नकाशा जगातल्या कुणालाही फुकट बघता येतो. आपल्याकडेही मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल केंद्र यांनी २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेशी करार केला. कर्करोगाच्या गाठींमधली जनुके आणि प्रथिने एकत्र अभ्यासायची, असा त्याचा विषय आहे.

जुन्या ऊतकाची ताकद किती, याचे आणखी एक उदाहरण देते. १९१८ च्या साथीत आपल्याकडे लाखो माणसे गेली. जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. त्या तापाचा विषाणू नेमका कसा होता, हे तेव्हा कुणालाच कळले नव्हते. अमेरिकेत त्या साथीत मरण पावलेल्या सैनिकांच्या फुप्फुसांचे तुकडे सैन्याच्या संस्थेने मेणात ठेवले होते. जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने ते तपासले आणि १९९७ साली त्या विषाणूच्या जनुकांचे काही तुकडे वाचून दाखवले. २००५ पर्यंत सगळी जनुके वाचून झाली. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी नीट नोंद करून ठेवलेल्या वडीमुळे या कामाची सुरुवात झाली.

पहिला तास

आता आपल्याकडे येऊ. वडी बोलेल, पण ती नीट लागलेली हवी. गाठ काढल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मॅलिन तिच्या आकाराच्या निदान दहापट पाहिजे. त्यात ती सहा तासांपेक्षा कमी ठेवायची नाही आणि बहात्तर तासांपेक्षा जास्तही नाही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी २०१० साली स्तनाच्या गाठींसाठी वेळेची ही मर्यादा घालून दिली. आणखी एक गोष्ट म्हणजे फॉर्मॅलिन आत शिरते तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर. म्हणून मोठा भाग असेल तर तो जाणकाराने चिरून मग त्यात ठेवायचा असतो. अख्खी कैरी मिठात टाकून मुरत नाही, फोडी कराव्या लागतात, तसेच हे.

छोट्या गावांत आणि शहरांत काय होते? गाठ काढली जाते, पण तपासणारी प्रयोगशाळा दुसऱ्या गावी असते. बाहेर बाकावर बसलेल्या भावाच्या किंवा दिराच्या हातात बाटली दिली जाते, “हे अमुक लॅबला नेऊन द्या.” बाटली लहान, गाठ मोठी. कधी फॉर्मॅलिन नुसते तळाला, कधी त्याऐवजी सलाईनचेच पाणी. त्यात शनिवार-रविवार आला की बाटली घरी कोनाड्यात थांबते. सोमवारी एस.टी.ने जाते. तोवर आतली प्रथिने विरून गेलेली असतात. प्रयोगशाळेचा अहवाल येतो, ‘रिसेप्टर निगेटिव्ह.’ प्रयोगशाळेने खोटे लिहिलेले नसते, तिला जे दिसले तेच तिने लिहिले. पण गोळी लागू पडली असती अशी बाई गोळीवाचून राहण्याची भीती असते.

हा नुसता माझा तर्क नव्हे. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००० साली ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडला तो साधारण तीन गाठींपैकी एकीत. २००९ साली त्याच रुग्णालयातून त्याहून कितीतरी मोठा अभ्यास आला, त्यात हे प्रमाण वाढलेले दिसले. आता इतक्या वर्षांत बायकांची शरीरे काही बदलली नाहीत. तपासणीच्या पद्धती सुधारल्या, निकष बदलले. शिवाय ऊतक वेळेवर आणि नीट फॉर्मॅलिनमध्ये न जाणे, हे आपल्या देशातल्या कमी आकड्यांचे एक कारण आहे, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत. ‘भारतीय बायकांच्या गाठी वेगळ्याच’ असे जे म्हटले जाई, त्यातला किती भाग आपल्या शरीराचा आणि किती आपल्या बाटलीचा, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

यात गावच्या सर्जनला झोडपण्यात अर्थ नाही. रात्री-अपरात्री तोच आपल्या उपयोगी पडतो. त्याच्याकडे पॅथॉलॉजिस्ट नाही, फॉर्मॅलिन बनवून ठेवणारा प्रशिक्षित माणूस नाही. ती सोय करणे हे व्यवस्थेचे काम आहे.

“ताई, ब्लॉक म्हणजे काय?”

आमच्या बचत गटांच्या कामात अशा बायका भेटतात. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. डोंगरावरच्या वाडीतली ही बाई, वय चाळीसच्या आत. छातीत गाठ आली, घरच्यांनी एका शहरातल्या खाजगी रुग्णालयात ती काढून घेतली. हातात चार ओळींचा अहवाल मिळाला, त्यावर कर्करोग एवढेच. पुढच्या उपचाराला मोठ्या रुग्णालयात गेली तर तिथले डॉक्टर म्हणाले, “आधीच्या ठिकाणाहून ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या.” तिचा दीर माझ्याकडे आला. म्हणाला, “ताई, ब्लॉक म्हणजे काय आणायचं? सिमेंटचा असतो तसला का?”

हसू आले, पण त्याचे चुकले काय? त्याला कुणी सांगितलेच नव्हते. पहिल्या रुग्णालयात चौकशी केली तर, “आम्ही बाहेर पाठवतो, लॅबला विचारा.” लॅबमध्ये गेलो तर, “पेशंटचा नंबर आणा.” नंबर होता हरवलेल्या पावतीवर. तीन खेपा झाल्या, दिवस मोडले, मजुरी बुडाली. चौथ्या खेपेला लॅबमधल्या एका मुलीने रजिस्टर काढून तारखेवरून वडी शोधून दिली. तपासणी झाली, रिसेप्टर निघाला. आज ती बाई रोज गोळी घेते, भात लावणीला जाते. त्या मुलीने कंटाळा केला असता तर? वडी फेकून दिलेली असती तर? मोठ्या रुग्णालयाला अंदाजाने उपचार करावे लागले असते, नाहीतर पुन्हा सुई टोचून तुकडा घ्यावा लागला असता, आणि गाठ तर पूर्ण काढून झालेली!

ती आपली, की त्यांची?

आता शेवटचा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. तपासणी झाल्यावर उरलेली वडी कुणाची? तिच्यावर कुणी संशोधन केले तर आपल्याला विचारायला नको का?

१९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. तो मेणात ठेवला नव्हता, त्यातल्या पेशी जिवंत वाढवल्या. त्या वाढतच राहिल्या आणि जगभर पोचल्या. पोलिओच्या लशीपासून कितीतरी संशोधन त्यावर झाले, कंपन्यांनी पैसाही कमावला. बाई त्याच वर्षी वारली. घरच्यांना याचा पत्ता लागला तो १९७३ च्या सुमारास. तिच्या वारसांची एका मोठ्या कंपनीशी तडजोड झाली ती थेट २०२३ साली.

याच गाय यांच्या प्रयोगशाळेत आपली एक मराठी बाई पुढे शिकायला गेली होती, डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ चा. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी स्तनाच्या कर्करोगावर काम केले. परत आल्यावर मुंबईत देशातली पहिली ऊतक-संवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. १९७३ साली भारतीय स्त्री शास्त्रज्ञांची संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. लॅक्सबाईंवर अन्याय झाला म्हणून ऊतकांवरचे संशोधनच वाईट, असे म्हणता येत नाही, हे रणदिवेबाईंचे आयुष्य सांगते.

आपल्याकडचा नियम काय आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ साली नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात स्पष्ट म्हटले आहे, की संशोधनासाठी दिलेल्या ऊतकाची मालकी देणाऱ्या व्यक्तीची. ते साठवणारी ऊतकपेढी ही केवळ सांभाळ करणारी विश्वस्त. दिलेली संमती नंतर मागे घेता येते. तपासणीनंतर उरलेले ऊतक नाव-गाव पुसून, नीतिसमितीची परवानगी घेऊन संमतीशिवाय वापरायची काही प्रसंगी मुभा आहे, पण ती परवानगी समितीनेच द्यायची असते. म्हणजे कागदावर आपण मालकीण आहोत. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री सात-आठ कागदांवर सह्या घेतल्या जातात. त्यातला एक संशोधनाच्या संमतीचा असला, तरी तो वाचून दाखवायला कुणाला वेळ असतो? सातबाऱ्यावर नाव असून जमीन कधी न बघितलेल्या बायका आपल्यात कमी नाहीत. तसेच हे.

तरीही मी म्हणेन, नीट विचारले तर संमती द्या. का, ते सांगते. आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयाच्या बायकांना हा आजार होताना दिसतो. त्याचे कारण शोधायचे तर आपल्याच बायकांच्या गाठी तपासल्या पाहिजेत. जगातल्या ऊतकपेढ्यांत फक्त गोऱ्या बायकांच्या वड्या असतील तर औषधेही त्यांच्याच मापाची शिवली जातील, आणि आपण दुसऱ्याचे झंपर घालून बसू. जावलीतल्या बाईची वडी नीट लागली, नीट नोंदली गेली, तर वीस वर्षांनी तिच्या नातीला उपयोगी पडेल असे काही त्यातून निघू शकते. मात्र हे दान आहे आणि दान विचारून घ्यायचे असते.

आपण काय करायचे?

पहिले, गाठ काढायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, “तपासणी कुठे होणार? फॉर्मॅलिन तयार आहे ना? पोचवणार कोण?” बाटली आपल्या माणसाच्या हातात दिली तर त्याच दिवशी पोचवा. तिच्यावर नाव, तारीख आणि गाठ कोणत्या बाजूची, हे लिहिलेले बघून घ्या.

दुसरे, अहवाल कर्करोगाचा आला तर ‘रिसेप्टरची तपासणी झाली का?’ हे विचारल्याशिवाय उठू नका. डॉक्टर रागावणार नाहीत आणि रागावले तरी चालेल.

तिसरे, लॅबचे नाव आणि ब्लॉकचा नंबर वहीत टिपून ठेवा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना ब्लॉक मागून घ्या, पोच द्या आणि काम झाल्यावर परतही करा. घरात ठेवायची वेळ आली तर देवघरात समईशेजारी किंवा उन्हात नको. मेणच ते, वितळेल. आणि उपचाराची कागदपत्रे मागितल्यावर डॉक्टरांनी बहात्तर तासांत द्यावीत, हा वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे, तोही लक्षात असू द्या.

चौथे काम आपल्या सगळ्यांचे. जिल्ह्याच्या डे-केअर केंद्राचा विषय जिथे निघेल, मग तो आमदारांसमोर असो की रुग्ण कल्याण समितीत, तिथे एक प्रश्न उभा राहून विचारायचा, “सलाईन द्याल, पण गाठ तपासायची आणि जपायची सोय काय?” तालुक्याच्या रुग्णालयांतून जिल्ह्याला रोज नमुने नेणारी एक गाडी, तयार फॉर्मॅलिनच्या मोठ्या तोंडाच्या बाटल्या, एक पॅथॉलॉजिस्ट आणि वड्या ठेवायला एक थंड, कोरडी खोली. एवढे मागणे काही आभाळाएवढे नाही. सलाईनच्या खुर्चीइतकीच त्या खोलीची गरज आहे, कारण खुर्चीत बसलेल्या बाईला कोणते औषध द्यायचे ते त्या खोलीतली वडी सांगणार आहे.

आणि एक सुचवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून वाट्या, डबे, प्लॅस्टिकच्या गाळण्या लुटतो. घरोघरी त्यांचे ढीग झाले आहेत. आमच्या गटाने ठरवले आहे, की यंदा प्रत्येकीला कप्प्यांची एक फाइल द्यायची. तिच्यात घरातल्या माणसांचे तपासणीचे अहवाल, पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या राहतील. पहिल्या पानावर चार ओळी छापलेल्या असतील, नाव, रक्तगट, लॅबचे नाव, ब्लॉकचा नंबर. ती चौथी ओळ कुणालाही कधी भरावी लागू नये, हीच इच्छा. पण भरावी लागली, तर नंबर हाताशी असेल.